हवाईची कुरणं: गुरं, गवत आणि जंगल यांचा हिशेब

फेब्रुवारी १७९३मध्ये इंग्रज कप्तान जॉर्ज व्हँकुव्हरने कॅलिफोर्नियातून आणलेली थोडीशी गुरं हवाईच्या मोठ्या बेटावर उतरवली आणि राजा कामेहामेहा पहिला याला भेट दिली. पुढच्या वर्षी त्याने आणखी काही आणली. ती वाढावीत म्हणून राजाने दहा वर्षं त्यांना मारण्यावर बंदी घातली. हुकूम कडक होता, तो पाळलाही गेला, आणि त्याचे परिणाम हवाई अजून निस्तरते आहे.

या बेटांवरची झाडं लाखो वर्षं खुराच्या मोठ्या जनावरांशिवाय वाढली होती. बहुतेकांना काटे नव्हते, कडू चीक नव्हता, कोवळी रोपं जमिनीलगत उघडी असत. पॉलिनेशियन लोकांनी डुकरं आणली होती आणि कॅप्टन कुकच्या सफरीपासून शेळ्याही आल्या होत्या, पण गाईसारखं दिवसाकाठी पन्नास-साठ किलो हिरवा पाला ओढणारं जनावर या झाडांना ठाऊकच नव्हतं. वाघ नाही, लांडगा नाही, साथीचा रोग नाही. १८४०च्या दशकात मोठ्या बेटावरची मोकाट गुरंच पंचवीस हजारांच्या घरात धरली जात होती. ती शेतात घुसत, रताळी आणि अळूचे वाफे तुडवत, माणसांवर धावून येत. कोना किनाऱ्यावर राज्यपाल कुआकिनीच्या काळात गावाच्या वरच्या अंगाला कित्येक किलोमीटर लांब दगडी भिंत उभी राहिली, ती आजही दिसते. माउना केआ या ज्वालामुखी डोंगराच्या उतारावर गुरं पकडायला खड्डे खणून वर फांद्या टाकत. १८३४मध्ये स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड डग्लस अशाच एका खड्ड्यात मृतावस्थेत सापडला. आत अडकलेल्या बैलाने त्याला तुडवलं होतं.

मोकाट गुरांपासून कुरणापर्यंत

१८३०च्या सुमारास दरबाराने मेक्सिकन अमलाखालच्या कॅलिफोर्नियातून वाकेरो, म्हणजे घोड्यावरचे गुराखी, बोलावले. घोडे १८०३मध्येच आले होते. वाकेरोंनी हवाईच्या लोकांना घोड्यावरून फास टाकणं, जनावर दमवून पाळीव बैलाच्या जोडीने खाली आणणं आणि कातडं कमावणं शिकवलं. यातूनच पानिओलो ही हवाईची गुराखी परंपरा उभी राहिली. अमेरिकन पश्चिमेतल्या काऊबॉयचा जो काळ सगळ्यांच्या डोळ्यासमोर येतो, तो याच्या कितीतरी वर्षांनंतरचा आहे. १९०८मध्ये वायोमिंगमधल्या शायेनच्या स्पर्धेत वाइमेआच्या इकुआ पर्डीने उसन्या घोड्यावरून ५६ सेकंदांत बैल पाडून बांधला आणि जगज्जेतेपद मिळवलं.

पानिओलोचं मुख्य हत्यार म्हणजे कच्च्या चामड्याची दोरी. ओल्या कातड्यातून गोल गोल कापत एकच लांब पट्टी काढायची, ती ताणून वाळवायची, कडा तासून सारख्या करायच्या आणि चार पदरी विणायची. पट्टीची रुंदी कुठे कमी-जास्त झाली तर दोरी नेमकी तिथेच तुटते. म्हणून विणण्यापेक्षा कापण्यातच खरं कसब होतं.

धक्के नसलेल्या किनाऱ्यावर गुरं जहाजात चढवायची रीतही याच बेटांची. घोडेस्वार फासातल्या बैलाला घेऊन थेट समुद्रात शिरे आणि पोहत्या घोड्यावरून त्याला होडीपर्यंत नेई. होडीच्या दोन्ही काठांना बैलांची डोकी पाण्याबाहेर राहतील अशी बांधत. मग होडी दूर उभ्या आगबोटीपाशी जाई आणि पोटाखालून पट्टा घालून एकेक बैल वर उचलला जाई. विसाव्या शतकात बरीच वर्षं हे चाललं.

धंद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मॅसॅच्युसेट्सहून आलेला जॉन पामर पार्कर आधी राजासाठी मोकाट गुरं मारत असे. व्हेल शिकारीच्या जहाजांना खारवलेलं मांस, चरबी आणि कातडी विकली जात. त्याचं लग्न राजघराण्यातल्या किपिकाने हिच्याशी झालं आणि १८४७मध्ये माना इथे मिळालेल्या दोन एकरांपासून पार्कर रँच सुरू झालं. आज त्याच्याकडे सुमारे १ लाख ३० हजार एकर आहेत. मधल्या काळात, १८४८च्या जमीनवाटपाने, डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत एकसंध समजली जाणारी जमीन खासगी मालकीत वाटली गेली. सामान्य हवाईयन कुटुंबांच्या वाट्याला एक टक्काही जमीन आली नाही. मोठी कुरणं जमली ती या वाटपानंतर. पानिओलोंचं कौतुक करताना हे विसरणं बरोबर नाही.

एकाच डोंगराची दोन हवामानं

वाइमेआ हे गुराख्यांचं गाव साधारण नाशिकच्याच अक्षांशावर, पण सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. ईशान्येकडून जवळजवळ वर्षभर व्यापारी वारे येतात, कोहालाच्या डोंगराला धडकतात आणि वरच्या अंगाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस टाकतात. तिथून पंचवीस किलोमीटरच्या आत, पश्चिमेच्या कावाईहाए बंदरावर वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर पडतो. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातला फरक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच कळेल.

म्हणजे एकाच मालकाच्या एकाच डोंगरउतारावर तीन-चार वेगळी कुरणं असतात. वर थंड, धुक्याच्या पट्ट्यात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून आलेलं किकुयू गवत. खाली, तापत्या पट्ट्यात गिनी गवत आणि बफेल, म्हणजेच आपल्याकडचं अंजन गवत. कोनाच्या लाव्हाच्या पठारावर फाउंटन गवत, जे बागेची शोभा म्हणून आलं आणि आज गुरांनाही फारसं आवडत नाही. शेजारच्या बेटावर चाललेली पद्धत उचलून इथे लावली की फसते, ती याच कारणाने.

गवत मोजायचं कसं

कुरण सांभाळण्याचा गाभा म्हणजे हिशेब. इथे सर्वात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटरची लोखंडी चौकट घ्या. कुरणात किमान दहा ठिकाणी ती टाका. हिरवीगार जागा निवडून टाकू नका, चालता चालता ठरावीक पावलांवर टाका. आतलं गवत जमिनीलगत कापा, वाळवा, वजन करा. घाई असेल तर मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचा ग्लास सोबत ठेवून थोडं थोडं वाळवत जा. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की गवत वाळलं. दहा ठिकाणची सरासरी ग्रॅममध्ये काढून ४०ने गुणा, म्हणजे हेक्टरी किती किलो कोरडा चारा उभा आहे ते कळतं. सरासरी ६० ग्रॅम आली तर हेक्टरी २,४०० किलो.

हा सगळा चारा गाईचा नसतो. निम्मा जमिनीवर राहू द्यायचा, कारण मुळांना पुन्हा पालवायला आणि मातीला पावसाच्या थेंबांपासून वाचवायला तो लागतो. उरलेल्या निम्म्यातला निम्मा तुडवला जातो, शेणामुताने खराब होतो, किड्यांना जातो. प्रत्यक्ष पोटात जातो तो साधारण पाव हिस्सा, इथे ६०० किलो. साडेचारशे किलोची गाय दिवसाला सुमारे १२ किलो कोरडा चारा खाते. म्हणजे एका हेक्टरात एका गाईचे ५० दिवस. दहा हेक्टरांच्या कप्प्यात शंभर गाई असतील तर पाच दिवस. सहाव्या दिवशी फाटक उघडायचं. सोबत वासरू असलेली गाय सव्वापट किंवा त्याहून जास्त धरायची. डोकी मोजून थांबणारे नेमके इथे चुकतात.

याशिवाय दोन वजावटी करायच्या. उतार ११ ते ३० टक्के असेल तर चारा ३० टक्के कमी धरा, ३१ ते ६० टक्के असेल तर ६० टक्के कमी, आणि त्याहून उभा असेल तर शून्य. गाय अशा कड्यावर चढत नाही. ती खालच्या सपाटीवरच घिरट्या घालते आणि तेवढाच तुकडा उघडा पाडते. दुसरी वजावट पाण्याची. पाण्यापासून दीड किलोमीटरहून जास्त लांबचा चारा निम्मा धरायचा, सव्वातीन किलोमीटरपलीकडचा अजिबात नाही. हवाईतल्या अनेक जुन्या कुरणांची धूप एकूण जनावरं जास्त होती म्हणून झालेली नाही. सगळी जनावरं एकाच डोणीभोवती राहत होती, म्हणून झाली.

किकुयूला विश्रांती किती द्यायची ते कॅलेंडर पाहून ठरवू नये. चरून गेल्यावर प्रत्येक फुटव्याला नवी पानं येतात, ती मोजायची. दोन पानांवर पुन्हा चरलं तर मुळांतला साठा संपतो आणि गवत विरळ होतं. साडेचार पानांच्या सुमारास चारा भरपूर आणि पौष्टिक असतो. त्यापुढे खालचं पान वाळायला लागतं. पावसाळी उबेत एवढी पानं यायला जो वेळ लागतो, त्याच्या कितीतरी जास्त वाइमेआच्या थंडीत लागतो. चरल्यावर पाच-सहा सेंटिमीटर थर राहिला पाहिजे. उलट, फार दिवस न चरलेल्या किकुयूखाली वाळक्या काड्यांची जाड गादी साचते. तिच्यात कीड राहते आणि नवे फुटवे गुदमरतात. निव्वळ किकुयू किंवा अंजन गवतावर ठेवलेल्या घोड्यांना वेगळा त्रास होतो. त्यातल्या ऑक्झलेट या क्षारामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं ठिसूळ होतात. त्यांना कॅल्शियमची जोड द्यावीच लागते.

पाणी

नव्या लाव्हावर नद्या टिकत नाहीत. पाऊस पडला तरी भेगांतून खाली जातो. त्यामुळे कोरड्या बाजूच्या कुरणांचा कणा म्हणजे वरच्या ओल्या जंगलातून खाली आणलेली नळांची वाहिनी आणि वाटेतल्या टाक्या. उष्ण पट्ट्यात एक गाय दिवसाला ४० ते ६० लिटर पिते. शंभर गाईंसाठी सहा हजार लिटर रोज, आणि वाहिनी फुटली तर निदान तीन दिवसांचा साठा. गुरं एकदम पाण्यावर येतात, म्हणून डोणीत पाणी किती आहे यापेक्षा ती किती वेगाने भरते हे जास्त महत्त्वाचं. तरंगत्या गोळ्याची तोटी शेवाळाने अडकली किंवा जनावराच्या धक्क्याने वाकली की एकतर पाणी वाहून चिखल होतो, नाहीतर डोणी कोरडी पडते. तोटीवर मजबूत जाळी हवी आणि डोणीभोवती दगडी फरसबंदी हवी.

या पाण्याचं मूळ जंगलात आहे, हे लानाई बेटावर जॉर्ज मन्रो या न्यूझीलंडच्या माणसाने फार लवकर ओळखलं. १९११पासून तो तिथल्या कुरणाचा व्यवस्थापक होता. घराशेजारच्या नॉरफोक पाइनच्या सुया धुकं पकडतात आणि ते पाणी छपरावर ठिबकतं, हे त्याने पाहिलं. मग त्याने डोंगरधारेवर कुक पाइनच्या रांगा लावल्या आणि शेळ्या-मेंढ्या कमी करण्यावर जोर दिला. झाडं बाहेरची होती, आज कुणी ती निवडणार नाही, पण त्याचं निरीक्षण अचूक होतं. धुक्याच्या पट्ट्यातलं झाड तोडलं की पावसात न मोजलेलं पाणीही जातं.

ओळखीच्या वनस्पती

हवाईची कुरणं पाहिली की मराठी शेतकऱ्याला बऱ्याच ओळखी पटतात. किआवे म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचीच जवळची नातलग. घाणेरी तिथे एकोणिसाव्या शतकात बागेसाठी आली आणि कुरणं गिळायला लागली. १९०२मध्ये मेक्सिकोतून तिच्यावरचे किडे आणून सोडले गेले. तण आवरायला कीटक वापरण्याचा हा जगातल्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक. त्यातली बिया पोखरणारी माशी १९२१मध्ये हवाईहून भारतातही आणली, पण इथे घाणेरी हटली नाही हे आपण पाहतोच.

सुबाभूळ तर दोन्हीकडचा जिव्हाळ्याचा विषय. हवाई विद्यापीठात जेम्स ब्रूबेकर यांनी पुढे आणलेले उंच वाढणारे वाण भारतात आले आणि उरुळीकांचनच्या बाएफ या संस्थेने त्यांचा प्रसार केला. चाऱ्यात प्रथिनं भरपूर, पण पानांत मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं. घोड्याची आयाळ आणि शेपटीचे केस गळतात. गुरांच्या पोटात त्यापासून बनणारं द्रव्य थायरॉइडवर परिणाम करतं, वजन वाढत नाही. ऑस्ट्रेलियात गुरं आजारी पडत होती आणि हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला मजेत खात होत्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने याचा शोध घेतला. शेळ्यांच्या पोटात ते विष मोडणारे जिवाणू होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले गेले आणि एका जनावराकडून दुसऱ्याकडे पसरून कळपभर टिकले. पुढे जिवाणूला जोन्स यांचंच नाव मिळालं. जिथे हे जिवाणू आहेत की नाही याची खात्री नाही, तिथे सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापुढे जाऊ देऊ नये आणि घोड्यांना तर ती नकोच.

मादागास्करहून आलेलं फायरवीड याहून घातक. पिवळ्या फुलांचं हे तण गाई-घोड्यांचं यकृत हळूहळू निकामी करतं. लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मेंढ्या-शेळ्या ते बऱ्यापैकी पचवतात, म्हणून काही ठिकाणी त्यांना आधी चारतात. २०१३मध्ये त्याची पानं खाणारा पतंगही सोडला. तरी खरा उपाय गवत दाट ठेवणं हाच आहे. फायरवीड उघड्या मातीत रुजतं.

कुंपणाच्या वर जंगल

गुरं बाहेर काढली की जंगल आपोआप परत येईल, असं वाटतं. किकुयूच्या पट्ट्यात ते येत नाही. गवताची गादी इतकी दाट असते की बी मातीपर्यंत पोचतच नाही. माउई बेटावर उलुपालाकुआ रँचच्या जमिनीत औवाही इथे १९९७पासून जे केलं गेलं, ते म्हणूनच शिकण्यासारखं आहे. आधी गुरं, डुकरं आणि हरणं बाहेर ठेवणारं कुंपण. मग किकुयूवर तणनाशक, पण मेलेली गादी न उचलता तशीच आच्छादन म्हणून ठेवायची. मग आअलिई हे काटक स्थानिक झुडूप दाटीने लावायचं. त्याची सावली पडली की गवत हटतं, ओल टिकते आणि मग दुर्मिळ झाडांची रोपं जगतात. एका वर्षी मोठा पट्टा उघडून कमी रोपं लावली तर गवत आणि तण पुन्हा जिंकतात. जेवढं दाट लावता येईल, तेवढंच उघडायचं.

मोठ्या बेटावर हाकालाउच्या अभयारण्यात, १९८५मध्ये ते होण्यापूर्वी जिथे कुरणं होती तिथे, आणखी एक अडचण निघाली. सुमारे १,९०० मीटरवर निरभ्र रात्री उघड्या गवतावर दंव पडतं आणि ओहिआ या स्थानिक झाडाची रोपं करपतात. आधी कोआ हे दुसरं स्थानिक झाड लावलं, त्याच्या छत्राखाली रात्रीचं तापमान थोडं जास्त राहतं, आणि मग खाली बाकीची झाडं लावली, तेव्हा ती टिकली.

कुंपणाचा प्रकार जनावराप्रमाणे बदलतो. गुरांना चार-पाच काटेरी तारा, सव्वा मीटर उंची पुरते. डुकरांसाठी जाळी जमिनीपर्यंत आणि खालून पदरासारखी पसरून खिळवावी लागते, नाहीतर ती खालून उकरतात. चितळांसाठी सुमारे अडीच मीटर लागतात. होय, आपलेच चितळ. १८६८मध्ये कामेहामेहा पाचव्याला भेट म्हणून ते मोलोकाई बेटावर आले, १९५९मध्ये माउईवर सोडले गेले, आणि आज दुष्काळात गुरांसाठी राखलेलं गवत रात्रीतून संपवतात. कुंपण एकदा घालून भागत नाही. दर वादळानंतर पडलेली झाडं, ओढ्यात वाहून गेलेली जाळी आणि गंजलेले खांब पाहावेच लागतात. एक भोक राहिलं तरी वर्षांची मेहनत जाते. शिवाय ओहिआच्या सालीला जनावराने केलेल्या जखमेतून त्या झाडाला मारणारी बुरशी आत शिरते, म्हणून आता कुंपण म्हणजे रोगापासूनही बचाव.

यात रँचमालकांचा वाटा खरा आहे. हालेआकाला रँचने १९८३मध्ये वाइकामोईची पाच हजारांहून जास्त एकर जंगलजमीन कायम संरक्षणासाठी करारावर दिली. उलुपालाकुआने २००९मध्ये अकरा हजारांवर एकरांवर बांधकाम होणार नाही, असा कायमचा करार केला. बेटावर जमिनीचे भाव पाहता गाय गेली की बहुतेक ठिकाणी बंगले येतात. गुरांनी जंगल मोडलं हे खरं, आणि आज उरलेल्या मोकळ्या उतारांवर कुरणच बंगल्यांना अडवून उभं आहे हेही तितकंच खरं.

वणवा आणि नवी कीड

८ ऑगस्ट २०२३ला माउईवरच्या लाहाइना गावाची राखरांगोळी झाली, १०२ माणसं गेली. गावाच्या वरच्या जमिनीवर एकेकाळी ऊस होता. तिथला साखर कारखाना १९९९मध्ये बंद पडला आणि पडीक जमिनीवर गिनी गवत व इतर बाहेरची गवतं माजली. हिवाळी पावसात वाढायचं, जूनपर्यंत वाळायचं, आणि जळाल्यावर स्थानिक झाडांच्या आधी पुन्हा फुटायचं, असं हे चक्र आहे.

इथे गाय उपयोगी पडते, पण वेळ साधली तरच. गिनी गवत दोन-तीन मीटर वाढून काडीसारखं कडक झालं की गुरं त्याला तोंड लावत नाहीत. म्हणून घरं आणि रस्ते यांच्या कडेचे पट्टे फेब्रुवारी ते मे, गवत कोवळं असतानाच चारून घ्यायचे. उशीर झालाच तर प्रथिनयुक्त चाटण-विटा नेमक्या त्या पट्ट्यात ठेवल्या की गुरं वाळकं गवतही खातात. गवत बुटकं आणि तुटक झालं की ज्वाळा खाली राहतात आणि अग्निशामकांना जवळ जाता येतं. वादळी वाऱ्यात चराईने आग थांबत नाही, तिच्या जोडीला जाळरेषा आणि पाण्याचे साठे लागतातच.

२०१६मध्ये कोनात दोन पट्ट्यांचा फेसकिडा सापडला. पिल्लं गवताच्या बुडाशी थुंकीसारख्या फेसात राहून रस शोषतात. किकुयू आणि पँगोला ही गवतं आधी ठिपक्याठिपक्यांनी पिवळी पडतात, मग चट्टे मरतात आणि त्या जागी तण येतं. आतापर्यंत लाखाहून जास्त एकरांवर तो पसरला आहे. त्याला जाड वाळकी गादी आणि दमटपणा आवडतो. आठवड्यातून एकदा गुडघे टेकून, गवत बाजूला सारून बुडाशी फेस शोधायचा. बाधित भागातून चारा, माती किंवा गवताच्या गड्ड्या आणायच्या नाहीत. गाडीची चाकं आणि बूट धुऊनच दुसऱ्या कप्प्यात जायचं.

बेटांवर गुरांना पुरेल इतकं धान्य पिकत नाही आणि कत्तलखाने थोडे, म्हणून बहुतेक वासरं दूध तुटल्यावर जहाजाने अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पाठवली जातात. दुष्काळात हेच सर्वात अवघड होतं, कारण जहाजात जागा आधी धरावी लागते आणि तोवर सगळ्यांनाच गुरं विकायची असतात. म्हणून जाणते रँचवाले वर्षाच्या सुरुवातीलाच तारीख लिहून ठेवतात. अमुक तारखेपर्यंत चौकटीत इतके ग्रॅम गवत भरलं नाही, तर इतक्या वांझ गाई आणि इतकी वासरं विकायची. त्या दिवशी आकाशात ढग दिसले तरी यादी बदलायची नाही.